एप्रिलची गाडी आणि जपानचे तरुण

दरवर्षी १ एप्रिलच्या सकाळी टोकियो, ओसाका, नागोया या शहरांतल्या लोकलगाड्यांमध्ये काळ्या किंवा गडद निळ्या सुटातले हजारो तरुण-तरुणी दिसतात. सूट नवे, बूट नवे आणि चेहऱ्यावरचे अवघडलेपणही नवे. त्या दिवशी देशभरातल्या कंपन्यांत नव्या कर्मचाऱ्यांच्या प्रवेशाचा सोहळा असतो. अध्यक्षांचे भाषण होते, नव्यांपैकी एक जण सर्वांच्या वतीने उत्तरादाखल निवेदन वाचतो आणि संध्याकाळच्या बातम्यांत ही दृश्ये हमखास दाखवली जातात. जपानमध्ये शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, सरकारचे आर्थिक वर्षही एप्रिलमध्येच सुरू होते आणि नोकरीही. मार्चमध्ये पदवी हातात पडते आणि एप्रिलमध्ये पगार सुरू होतो. मधल्या काळात रिकामपण असे नाहीच.

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत उमेदीची वर्षे घालवणाऱ्या किंवा पदवीनंतर वर्ष-दोन वर्षे अर्ज करीत फिरणाऱ्या आपल्याकडच्या तरुणाला या व्यवस्थेचा हेवा वाटेल. पण तिला एक अलिखित अट आहे. ही गाडी वर्षातून एकदाच सुटते आणि तिच्यात चढण्याची संधी प्रत्येकाला आयुष्यात जवळपास एकदाच मिळते. ज्याची ती चुकली त्याला पुढच्या स्थानकावर चढता येईल, याची खात्री नसते. अनेक दशके जपानी कंपन्यांना या अटीत काही वावगे वाटले नाही, कारण फलाटावर गर्दी भरपूर होती. आता फलाट ओस पडू लागला आहे. तरुणांनी आपल्याकडे यावे म्हणून कंपन्यांना वेळापत्रक, डबे आणि आरक्षणाचे नियम, सगळेच नव्याने आखावे लागत आहे. त्यांतले किती बदल खरे आणि किती नुसती रंगरंगोटी, हे तपासण्याजोगे आहे.

या पद्धतीची मुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सापडतात. मित्सुई, मित्सुबिशी यांच्यासारख्या बड्या घराण्यांनी ओळखीपाळखीच्या उमेदवारांऐवजी विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या पदवीधरांना थेट घ्यायला सुरुवात केली. पुढे चांगले विद्यार्थी दुसऱ्याने पळवू नयेत म्हणून पदवीपूर्वीच त्यांना ‘बांधून’ ठेवण्याची चढाओढ लागली. जपानी भाषेत तिला ‘आओतागाई’ म्हणतात. हिरव्या भाताचे शेत पीक तयार होण्याआधीच विकत घेणे, असा त्याचा शब्दशः अर्थ. बागेतला मोहोर पाहून आंब्याचा सौदा करणारा आपला व्यापारी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही उपमा वेगळी समजावून सांगायला नको. या चढाओढीला लगाम म्हणून १९५३ मध्ये विद्यापीठे आणि उद्योग यांच्यात भरतीच्या तारखांचा करार झाला. तो पाळला कमी आणि मोडला अधिक गेला. १९९७ मध्ये करार रद्द झाला, मग त्याच्या जागी सनद आली, सनदेच्या जागी मार्गदर्शक तत्त्वे आली. नावे बदलत गेली, पण दुसऱ्याच्या आधी शेत गाठण्याची घाई कायम राहिली.

जपानी कंपनी भरती करताना विशिष्ट कामासाठी माणूस शोधत नाही, हे येथे समजून घ्यायला हवे. ती सभासद शोधते. श्रमधोरणाचे अभ्यासक हामागुची केइइचिरो यांनी या पद्धतीला ‘सभासदत्वाची नोकरी’ असे नाव दिले आणि ते तेथे रूढ झाले. विशेषतः कला, वाणिज्य, कायदा या शाखांच्या विद्यार्थ्याने काय शिकले याला फारसे महत्त्व नसते. तो घडवता येईल का, चारचौघांत मिसळेल का, दीर्घकाळ टिकेल का, हे पाहिले जाते. एकदा आत आला की कंपनी त्याला शिकवते, दर काही वर्षांनी विभाग आणि गाव बदलते, वयानुसार पगार वाढवते आणि निवृत्तीपर्यंत सांभाळते. त्याच्या बदल्यात काम कोणते करायचे आणि कुठे राहायचे, हे ठरवण्याचा हक्क तो कंपनीच्या हाती सोपवतो.

साहजिकच निवडीची परीक्षाही स्वभावाची असते. विद्यार्थी पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून तयारीला लागतो. डझनावारी कंपन्यांचे अर्ज भरतो, बुद्धिमापन आणि स्वभावचाचण्या देतो, कंपनीत आधीपासून असलेल्या आपल्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांना भेटतो, गटचर्चा आणि मुलाखतींच्या तीन-चार फेऱ्या पार करतो. जवळजवळ प्रत्येक अर्जात एक प्रश्न ठरलेला असतो. विद्यार्थिदशेत तुम्ही सर्वाधिक जीव ओतून काय केलेत? या प्रश्नाला विद्यार्थ्यांनी ‘गाकुचिका’ असे लघुनाव ठेवले आहे. करोनाच्या साथीत ज्यांची कॉलेजची वर्षे खोलीत बसून गेली, त्यांच्यापुढे या प्रश्नाचे उत्तर काय लिहावे, हा खराखुरा पेच होता. खेळ नाही, मंडळ नाही, अर्धवेळ नोकरी नाही, मग जीव ओतायचा कशात?

हिमयुगाची पिढी

१९८०च्या दशकाच्या अखेरीस, जपानी अर्थव्यवस्थेचा फुगा पुरता फुगलेला असताना, पारडे विद्यार्थ्यांच्या बाजूने झुकलेले होते. १९९१ मध्ये पदवी घेणाऱ्या आणि नोकरी शोधणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे २.८६ जागा उपलब्ध होत्या. प्रतिस्पर्धी कंपनीच्या मुलाखतीच्या दिवशी आपण निवडलेल्या विद्यार्थ्यांना गरम पाण्याच्या झऱ्यांवर सहलीला न्यायचे, प्रसंगी परदेशीही फिरवून आणायचे, म्हणजे ते तिकडे जाऊच शकत नाहीत, असे प्रकार त्या काळी सर्रास चालत.

मग फुगा फुटला. न्यायालयांच्या निर्णयांमुळे कायमस्वरूपी कर्मचाऱ्याला काढणे जपानी कंपन्यांना अवघड असते. आतल्यांना हात लावता येत नाही म्हटल्यावर त्यांनी दाराशी उभ्या असलेल्यांनाच रोखले. भरती कमी केली, काहींनी बंदच केली. २००० मध्ये पदवी घेणाऱ्यांसाठी दर विद्यार्थ्यामागे जागांचे प्रमाण ०.९९ वर आले. साधारण १९९३ ते २००४ या काळात शिक्षण संपवून बाहेर पडलेल्यांना ‘रोजगाराच्या हिमयुगाची पिढी’ म्हटले जाते. त्यांची संख्या सुमारे १ कोटी ७० लाख धरली जाते. यांतल्या सगळ्यांचेच हाल झाले असे नाही, पण लाखो जणांना कंत्राटी, अर्धवेळ किंवा एजन्सीमार्फत मिळणाऱ्या कामावर समाधान मानावे लागले.

मंदी कोणत्याही देशात येते आणि जाते. जपानमध्ये तिचा घाव कायमचा राहिला, याचे कारण भरतीच्या पद्धतीत होते. अर्थव्यवस्था सावरली तेव्हा कंपन्यांनी पुन्हा भरती सुरू केली, पण ती त्या वर्षीच्या ताज्या पदवीधरांची. दोन-चार वर्षांपूर्वी पदवी घेतलेला, मधल्या काळात दुकानात किंवा गोदामात काम केलेला तरुण त्यांच्या लेखी ‘शिळा’ झालेला होता. म्हणूनच नोकरी न मिळालेले काही विद्यार्थी मुद्दाम एक वर्ष नापास राहून ‘नवपदवीधर’ ही ओळख टिकवत. पदवीनंतर तीन वर्षांपर्यंत उमेदवाराला नवपदवीधरच समजावे, असे सरकारने २०१० मध्ये कंपन्यांना सुचवले. तोवर हिमयुगातले पहिले तरुण चाळिशीला टेकले होते.

ह्योगो प्रांतातल्या ताकाराझुका या शहराच्या पालिकेने २०१९ मध्ये खास याच पिढीसाठी तीन जागांची जाहिरात काढली. अर्ज आले १८१६. अखेर चौघांना घेतले. ज्या आकड्याने सरकारला आणि उद्योगांना खडबडून जागे व्हायला हवे होते, तो बातमीपुरता गाजला. त्याच वर्षी केंद्र सरकारने या पिढीतल्या ३ लाख लोकांना तीन वर्षांत कायमस्वरूपी नोकरीत आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले, पण एव्हाना या मंडळींचे वय मार्गदर्शन शिबिरात बसण्याचे राहिले नव्हते.

आता तरुणच दुर्मीळ

दरम्यान लोकसंख्येचे गणित उलटले. १९९२ मध्ये जपानमध्ये अठरा वर्षांची मुले-मुली सुमारे २० लाख ५० हजार होती. २०२४च्या सुरुवातीला हा आकडा १० लाख ६० हजारांवर आला. म्हणजे एका पिढीत निम्म्यावर. विद्यापीठात जाणाऱ्यांचे प्रमाण या काळात दुपटीहून अधिक वाढल्यामुळे पदवीधरांच्या संख्येत ही घट अजून पुरती उतरलेली नाही; शाळेतून थेट कारखान्यात, दुकानात, बांधकामावर येणारी मुले मात्र झपाट्याने कमी झाली. २०२४ मध्ये तर देशात जेमतेम ६ लाख ८६ हजार बालके जन्मली. सात लाखांखाली आकडा जाण्याची ती पहिलीच वेळ. वीस-बावीस वर्षांनी एप्रिलच्या गाडीला किती प्रवासी असतील, याचा अंदाज त्यावरून करता येतो.

२०२४च्या वसंतात पदवी घेतलेल्या आणि नोकरी हवी असलेल्या विद्यार्थ्यांपैकी ९८.१ टक्क्यांना ती मिळाली. १९९७ मध्ये ही पाहणी सुरू झाल्यापासूनचा हा उच्चांक होता. २०२५च्या पदवीधरांमागे १.७५ जागा होत्या. पण या सरासरीच्या पोटात मोठी दरी आहे. तीनशेहून कमी कर्मचारी असलेल्या कंपन्यांत एका इच्छुकामागे साडेसहा जागा, तर पाच हजारांहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांत एकही पुरी नाही. म्हणजे नावाजलेल्या कंपनीच्या दारात अजूनही रांग आहे आणि सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्याचा मालक मात्र दारात उभा राहून वाट पाहतो आहे.

आलेला तरुण टिकतो का, हा पुढचा प्रश्न. मार्च २०२१ मध्ये पदवी घेऊन रुजू झालेल्यांपैकी ३४.९ टक्के तीन वर्षांच्या आत नोकरी सोडून गेले. ‘तिघांत एक’ हे प्रमाण तसे जपानमध्ये जुनेच आहे. नवी गोष्ट म्हणजे सोडून जाणाऱ्याला आता दुसरी नोकरी सहज मिळते. साहेबांसमोर राजीनामा ठेवण्याचे धाडस नसेल तर साधारण २० ते ३० हजार येन घेऊन त्याच्या वतीने कंपनीला फोन करणाऱ्या एजन्सीही निघाल्या आहेत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच त्यांच्याकडे नव्या कर्मचाऱ्यांचे फोन येतात, अशा बातम्या आता नियमाने येतात. जुन्या पिढीला हा उद्धटपणा वाटतो. पण निवडीच्या वेळी कंपनीने विद्यार्थ्याबद्दल सारे काही जाणून घेतले आणि त्याला कंपनीबद्दल फारसे काहीच कळू दिले नाही, तर पहिल्या आठवड्यात होणारी ही फारकत अनपेक्षित का मानावी?

पिंजरा आणि दाणे

टंचाई जाणवू लागल्यावर कंपन्यांची पहिली प्रतिक्रिया होती ती मिळालेला पक्षी सुटू न देण्याची. ‘बाकीच्या कंपन्यांना आत्ता आमच्यासमोर नकार कळवा, तरच आमची निवड पक्की,’ असा दबाव विद्यार्थ्यांवर येऊ लागला. २०१५च्या सुमारास या छळाला ‘ओवाहारा’ असा शब्दच तयार झाला. त्यानंतर आले ‘ओयाकाकु’, म्हणजे आईवडिलांची संमती घेणे. निवडलेल्या मुलाच्या घरी कंपनीचा फोन जातो आणि आमच्याकडे येण्यास आपली हरकत नाही ना, असे विचारले जाते. काही कंपन्या पालकांसाठी वेगळी माहितीसत्रे घेतात. बावीस वर्षांच्या पदवीधराच्या नोकरीसाठी घरच्यांची मनधरणी, ही गोष्ट मराठी वाचकाला तितकीशी परकी वाटणार नाही. पोरगा ‘कुठल्या कंपनीत लागला’ हे येथेही सोयरिकीच्या बैठकीत विचारले जाते. कंपनीचे नाव घरच्यांना माहीत नसेल तर मुलगा माघार घेतो, हा छोट्या जपानी उद्योगांचा अनुभव आहे आणि त्यांच्यासाठी हा फोन केवळ शिष्टाचार नाही.

सर्वांत लाजिरवाणे प्रकरण २०१९च्या ऑगस्टमध्ये उघडकीस आले. रिकुनाबी हे नोकरी शोधणाऱ्या विद्यार्थ्यांचे जपानमधले अत्यंत प्रचलित संकेतस्थळ. कोणता विद्यार्थी कोणती पाने पाहतो, यावरून तो मिळालेली नोकरी नाकारण्याची शक्यता किती, याचे गणित मांडून ते कंपन्यांना विकले जात होते. हजारो विद्यार्थ्यांची संमती यासाठी रीतसर घेतलेलीच नव्हती. जपानच्या वैयक्तिक माहिती संरक्षण आयोगाने संकेतस्थळ चालवणाऱ्या कंपनीला सुधारणा करण्यास बजावले आणि ती सेवा बंद झाली. विद्यार्थ्याच्या मनाचा अंदाज बांधायला कंपन्या पैसे मोजत होत्या. त्याला काय हवे हे सरळ विचारणे अर्थातच त्याहून स्वस्त पडले असते.

खरे बदल धीम्या पावलांनी आले आणि त्यांतला महत्त्वाचा एक कंपन्यांच्या नव्हे तर कायद्याच्या पुढाकाराने. तरुणांना राबवून फेकून देणाऱ्या आस्थापनांसाठी ‘काळी कंपनी’ हा शब्द तेथे घराघरात पोहोचला होता. २०१५ मध्ये तरुणांच्या रोजगारासाठी एक कायदा झाला. गेल्या तीन वर्षांत किती नवपदवीधर घेतले, त्यांतले किती सोडून गेले, महिन्याला सरासरी जादा काम किती तास, रजा किती दिवस घेतल्या जातात, प्रशिक्षण काय मिळते, अशा बाबींपैकी काही माहिती उमेदवाराने मागितल्यास कंपनीने देणे बंधनकारक झाले. कामगार कायदे वारंवार मोडणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती न स्वीकारण्याचा अधिकार सरकारी रोजगार कार्यालयांना मिळाला. ‘मागितल्यास’ या शब्दात अर्थात मेख आहे. मुलाखतीला बसलेला विद्यार्थी ‘तुमच्याकडून किती जण पळून जातात’ असे विचारायला कचरणारच. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात एका बड्या जाहिरात कंपनीत नुकत्याच रुजू झालेल्या चोवीस वर्षांच्या तरुणीने कामाच्या ताणाखाली आयुष्य संपवले, पुढच्या वर्षी तो अतिश्रमाचा बळी असल्याचे अधिकृतपणे मान्य झाले आणि सगळा देश हादरला. २०१८ मध्ये जादा कामाच्या तासांवर कायद्याने कमाल मर्यादा आली. त्यानंतर जादा कामाबद्दल प्रश्न विचारणारा विद्यार्थी आळशी ठरेनासा झाला.

अर्जाचा कागदही बदलला. हाताने, शाईच्या पेनाने, एकही खाडाखोड न करता लिहिलेले परिचयपत्र म्हणजे प्रामाणिकपणाचा पुरावा, ही समजूत तेथे फार खोल रुजलेली होती. एक अक्षर चुकले की पुन्हा पहिल्यापासून. त्यावर छायाचित्र आणि स्त्री-पुरुष अशी खूण अनिवार्य. यावर नागरिकांनी आवाज उठवल्यावर जपानच्या प्रमाणीकरण संस्थेने २०२० मध्ये आपला जुना नमुना मागे घेतला आणि २०२१ मध्ये कामगार मंत्रालयाच्या नव्या नमुन्यात लिंगाचा रकाना भरणे ऐच्छिक झाले. साथीच्या काळात सुरू झालेल्या ऑनलाइन मुलाखतींनी आणखी एक अन्याय कमी केला. होक्काइदो किंवा क्युशूमधल्या विद्यार्थ्याला एकेका मुलाखतीसाठी टोकियोपर्यंत विमानाचे किंवा बुलेट ट्रेनचे भाडे स्वतःच्या खिशातून भरावे लागत असे. पहिल्या फेऱ्या पडद्यावर आल्याने गावाकडच्या मुलांना अधिक कंपन्यांचे दार ठोठावता येऊ लागले.

यापेक्षा खोलवर जाणारा बदल आहे तो कामाच्या निवडीचा. कोणत्या विभागात आणि कोणत्या शहरात टाकले जाईल, हे रुजू होईपर्यंत न कळण्याला तरुणांनी ‘हाइझोकु गाचा’ असे नाव दिले आहे. गाचा म्हणजे नाणे टाकून मूठ फिरवायची आणि जे खेळणे बाहेर येईल ते घ्यायचे, असे यंत्र. वडिलांच्या पिढीने जो नियम निमूट मानला, त्याला मुलांच्या पिढीने लॉटरी म्हटले, यातच सारे आले. आता केडीडीआयसारख्या काही कंपन्या पहिली नेमणूक कोणत्या कामावर होईल याची हमी देऊन भरती करतात. हिताची, फुजित्सु या कंपन्या ठरावीक कामासाठी ठरावीक कौशल्याचा माणूस, या दिशेने सरकल्या आहेत. फुजित्सुने तर मार्च २०२५ मध्ये जाहीर केले, की २०२६च्या आर्थिक वर्षापासून नवपदवीधरांची एकगठ्ठा भरती थांबवून वर्षभर गरजेनुसार माणसे घेतली जातील. जपानच्या संदर्भात ही घोषणा साधी नव्हे.

उद्योगांची शिखर संघटना केइदानरेन हिनेही ऑक्टोबर २०१८ मध्ये, २०२१ पासून रुजू होणाऱ्यांसाठी भरतीच्या तारखांचे नियम आपण करणार नाही, असे सांगून हात झटकले होते. मग सरकारने ते काम अंगावर घेतले. माहिती १ मार्चपासून, मुलाखती १ जूनपासून, निवडीचे औपचारिक पत्र १ ऑक्टोबरला, हे वेळापत्रक सरकार दरवर्षी कंपन्यांना कळवते. २०२४ मध्ये १ जून उजाडला तेव्हा पुढच्या वर्षी पदवी घेणाऱ्या नोकरेच्छुक विद्यार्थ्यांपैकी पाचांत चौघांच्या हाती निवडीचे आश्वासन आधीच पडलेले होते. हिरव्या शेताचा सौदा शंभर वर्षांनीही जोरात आहे.

पगाराच्या बाबतीत तर चढाओढ उघड आहे. जपानमध्ये पदवीधराचा पहिला पगार वर्षानुवर्षे जवळपास सर्व कंपन्यांत सारखाच आणि साधाच असे; खरी वाढ पुढे वयाबरोबर होई. युनिक्लो हा ब्रँड चालवणाऱ्या फास्ट रिटेलिंगने मार्च २०२३ मध्ये नवपदवीधराचा मासिक पगार २ लाख ५५ हजार येनवरून ३ लाखांवर नेला आणि मार्च २०२५ मध्ये ३ लाख ३० हजारांवर. बँका, विमा, बांधकाम कंपन्यांनाही मागोमाग जावे लागले. पण पहिला पगार वाढवायला जे पैसे लागतात, ते त्याच तिजोरीतून यायचे असतात. नव्यांचा पगार चढत असताना चाळिशी-पन्नाशीतल्यांचा जागच्या जागी राहिला, अशी तक्रार अनेक कंपन्यांतून ऐकू येते. आणि हे चाळिशी-पन्नाशीतले म्हणजे नेमके कोण? पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांची एप्रिलची गाडी चुकली किंवा जे दाराला लटकून कसेबसे आत शिरले, तेच. तरुण असताना तरुणांना भाव नव्हता. आता तरुणांना भाव आहे, तर ते तरुण नाहीत. तरुणांना आकर्षित करण्यासाठी ज्या सुधारणा चालल्या आहेत, त्या केवळ वयाकडे पाहून झाल्या तर जुनाच अन्याय नव्या वेष्टनात येईल, असा इशारा तेथील काही अभ्यासक देतात आणि त्यात तथ्य आहे. वर्षभर चालणारी आणि कामाचे स्वरूप आधी सांगणारी भरती ही बाविशीतल्या मुलाइतकीच पंचेचाळिशीतल्या बाईलाही उपयोगी आहे. पालकांना केलेला फोन मात्र तिच्या काहीच कामाचा नाही.

अर्थात वर्षभराच्या भरतीला विरोध करणारेही आहेत आणि त्यांचे म्हणणे सहज उडवून लावण्यासारखे नाही. हातात कसब नसलेल्या, कामाचा शून्य अनुभव असलेल्या पोरांना एकदम आत घेऊन शिकवणारी ही पद्धत होती म्हणूनच जपानमध्ये तरुणांची बेरोजगारी अनेक युरोपीय देशांच्या तुलनेत कमी राहिली. प्रत्येक जागेसाठी अनुभवी आणि कुशल माणूसच शोधायचा म्हटले, तर पहिला अनुभव मिळवायचा कुठे? भारतातला नवपदवीधर हा प्रश्न रोजच सोडवत असतो. ‘दोन वर्षांचा अनुभव आवश्यक’ ही ओळ त्याच्या ओळखीची आहे.

महाराष्ट्राचा आणि विशेषतः पुण्याचा या साऱ्याशी दूरचा संबंध नाही. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीचे वर्ग आहेत, शहरात खासगी शिकवण्यांचीही वाण नाही, आणि जपानी भाषेच्या क्षमता परीक्षेला येथून दरवर्षी विद्यार्थी मोठ्या संख्येने बसतात. एकीकडे जपानमध्ये ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशी कामगारांची संख्या २३ लाखांवर गेली होती. दुसरीकडे ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपान यांनी पाच वर्षांत दोन्ही बाजूंनी मिळून ५ लाख लोकांच्या देवाणघेवाणीचे उद्दिष्ट ठरवले, त्यात भारतातून जपानला जाणारे ५० हजार कुशल कर्मचारी आणि होतकरू तरुण धरलेले आहेत. निर्धारित कौशल्याच्या कामगारांसाठीचा करार त्याआधी, जानेवारी २०२१ मध्येच झाला होता.

तिकडे जाऊ इच्छिणाऱ्याने काही गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात, असे या इतिहासावरून वाटते. पद कामासाठी आहे की सभासदत्वासाठी? पहिल्या तीन वर्षांत बदली कुठे होऊ शकते? त्या कंपनीत आलेल्या परदेशी कर्मचाऱ्यांपैकी किती जण टिकले? कायद्याने काही प्रश्नांची उत्तरे मागण्याचा हक्क दिलेला आहे आणि माणसांची चणचण आहे तोवर ते विचारण्याची किंमतही फारशी मोजावी लागणार नाही. भाषेच्या अटीबद्दलही स्पष्टता हवी. परीक्षेच्या पाच पायऱ्या आहेत, सर्वांत खालची एन-५ आणि सर्वांत वरची एन-१. कार्यालयीन कामासाठी अनेक कंपन्या एन-२ मागतात. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात मात्र काही ठिकाणी भाषेची अट सैल करून इंग्रजीवर काम चालवले जाते. मर्कारी या टोकियोच्या कंपनीने २०१८ मध्ये भारतातल्या अभियंत्यांची मोठी तुकडी थेट कॉलेजांतून घेतली, तेव्हा जपानी वर्तमानपत्रांनी त्याची ठळक बातमी केली होती.

ती तुकडी रुजू झाली ऑक्टोबरमध्ये. भारतात शेवटच्या वर्षाची परीक्षा मे-जूनमध्ये संपते, निकाल त्यानंतर लागतो, मग व्हिसा. १ एप्रिलच्या सोहळ्याला येथला विद्यार्थी वेळेवर पोहोचणे शक्यच नसते. त्याच्यासाठी आणि परदेशांत शिकून परतणाऱ्या जपानी विद्यार्थ्यांसाठी काही कंपन्यांनी शरद ऋतूत दुसरा प्रवेश ठेवला. त्या सोहळ्याला टीव्हीचे कॅमेरे सहसा नसतात. सुटांचे रंग मात्र थोडे वेगवेगळे असतात.